उताराचा सराव

माझ्या हातून आजवर असंख्य माणसांचे अर्ज लिहिले गेले. रजेचे, थकलेल्या पगाराचे, हरवलेल्या पासपोर्टचे, पार्थिव मायदेशी पाठवण्याचे. कतारमध्ये, दोह्याच्या जुन्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायपिंगच्या एका दुकानात, काचेच्या दाराशी माझे टेबल आहे आणि समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेऊन ते योग्य शब्दांत मांडून देणे हा माझा व्यवसाय आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले, ही गोष्ट मी कोणापासून लपवत नाही. तथापि वेस्ट बेमधल्या कचेऱ्यांतले पदवीधरही आपला मजकूर माझ्याकडून तपासून नेतात, हेही नमूद करणे भाग आहे. अर्जाचा एक नियम आहे. घडलेली गोष्ट आधी सांगावी, मागणी शेवटी करावी. घडलेली गोष्ट अशी की, मी विशीत असताना माझे थोरले बंधू हणमंत हे आल्प्स पर्वतातल्या एका घाटात सायकलवरून उतरताना मरण पावले. मागणी कोणाकडे करावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. यापुढे मी त्यांना दादा म्हणेन आणि एकेरीत लिहीन. घरात तसेच होते.

घर म्हणजे नज्मा भागातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरची एक खोली. तीत आम्ही तिघे बापलेक राहत होतो. आबा एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रायव्हर होते, दादा एसी दुरुस्तीचे काम करी आणि मी आबांच्याच कंपनीत साहेब लोकांना चहा देई. आमचे गाव बार्शीच्या पुढे, काळ्या रानातले. तिथे उंच म्हणावे असे एकच काही होते, ते म्हणजे गावाबाहेरची पाण्याची टाकी. आई गेल्यावर गावात मला सांभाळण्याजोगे कोणी उरले नाही, म्हणून आबांनी मला इकडे बोलावून घेतले. अशा रीतीने आमचे कुटुंब एका सपाट मुलखातून उठून त्याहून सपाट मुलखात आले. संध्याकाळी मगरिबची बांग झाली की आबा परातीत ज्वारीचे पीठ घेत. गच्चीवर भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की शेजारच्या खोलीतले मल्याळी गृहस्थ दारात येऊन उभे राहत आणि न बोलता एक भाकरी घेऊन जात. खिडकीतल्या एसीचे पाणी डालड्याच्या डब्यात टपटपत असे. शेंगदाण्याची लाल चटणी, कांदा, कधी पिठले, शुक्रवारी मटण. बाईमाणूस नसलेल्या घराला एक ओशटपणा येतो. आबा तो येऊ देत नसत. ताटे पितळेची होती, आईच्या लग्नातली, आणि ती तीन होती.

आबांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आबा ब्रेकला मानत. लोक गाडीत बसल्यावर देवाच्या तसबिरीला हात लावतात. आबा आधी ब्रेकला पाय लावून तो पुरता दाबून पाहत आणि मग हात जोडत. "ॲक्सिलेटर मालकाचा असतोय, ब्रेक आपला," असे ते नवीन ड्रायव्हरांना सांगत. दुखानच्या सरळ रस्त्यावर मैलोन्मैल समोर काही नसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेकच्या बाजूला कललेला असे. एकदा वाळूच्या वादळात रस्त्यावर आलेला उंट त्यांनी असाच वाचवला होता, आणि त्यासोबत गाडीतले चार साहेबही. घाट त्यांनी आयुष्यात चालवला नव्हता. परंतु इतकी वर्षे एकही अपघात न केलेल्या माणसाला घाट तेवढा येत नाही, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. त्यांच्याही मनात ते आले नाही.

सायकल आमच्या घरात आली ती सबनीस साहेबांमुळे. सबनीस साहेब आबांच्या कंपनीत इंजिनिअर, पुण्याचे, सडसडीत आणि उत्साही. त्यांच्या घरचा एसी दुरुस्त करायला गेलेल्या दादाने व्हरांड्यातल्या सायकलचा कुरकुराट ऐकला आणि न सांगता तिची चेन साफ करून दिली. साहेबांनी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला बोलवायला सुरुवात केली, मग आपली जुनी सायकल दिली, आणि थोड्याच महिन्यांत अशी वेळ आली की दुखान रस्त्यावर साहेब आणि त्यांचे मित्र मागे राहत आणि एसीवाला हणमंत पुढे निघून जाई. दादा अंगाने दांडगा होता. पाने आणि स्क्रू फिरवून त्याचे पंजे असे झाले होते की तो जाम झालेला नट बोटांनी सोडवी. आबा कंपनीची व्हॅन घेऊन, चारी दिवे लुकलुकवत, सर्वांच्या मागून हळूहळू येत.

"काय बे हणम्या, साहेबाच्या सायकलीला तेल लावता लावता तूच वर बसलास व्हय?" ते घरी आल्यावर म्हणत.

"त्येंनीच बसवलं, आबा. आता उतर म्हणंनात."

सबनीस साहेबांची एक योजना होती. नोकरी सोडून दोह्यात सायकलींची कार्यशाळा काढायची आणि दादाला तिचा मुख्य कारागीर करायचे. त्यापूर्वी एकदा आल्प्समध्ये जाऊन खरे घाट चढायचे, यंत्रे आणि माणसे तिथे कशी टिकतात ते पाहायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. दादाच्या दृष्टीने या योजनेचा अर्थ एकच होता. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी इमारतींच्या छतांवर, तापलेल्या कॉम्प्रेसरपाशी ओणवे होऊन जे आयुष्य चालले होते, ते संपणार होते. आदल्या वर्षी तो छतावरच चक्कर येऊन पडला होता. ही गोष्ट मला माहीत होती, आबांना नव्हती. "दत्त्या, एकदा छतावरनं खाली आलो की परत चढायचं न्हाई," असे तो मला म्हणे.

कतारमध्ये घाट कुठून आणायचा, हा प्रश्न साहेबांनी दोन प्रकारे सोडवला. पहिला उपाय वाऱ्याचा. शमाल हा उत्तरेचा वारा वाहू लागला की दुखान रस्त्यावर त्याच्या तोंडावर सायकल घालायची. "वारा हाच आपला घाट," असे साहेब म्हणत. दुसरा उपाय वेस्ट बेमधल्या एका मनोऱ्याच्या पार्किंगचा. शुक्रवारी पहाटे ती सात-आठ मजली इमारत रिकामी असे आणि तिचा गोल गोल वर जाणारा उतारवजा रस्ता हा आमच्या माहितीतला त्या शहरातला एकमेव चढ होता. पहारेकरी नेपाळी होता. त्याने परवानगी दिली, पण एका अटीवर. "ऊपर साइकल से जाओ, भाई. नीचे नहीं. नीचे से कोई गाड़ी आएगा तो मेरा नौकरी खलास. नीचे लिफ्ट से." त्याप्रमाणे सर्वजण धापा टाकत वर चढत आणि सायकली उभ्या धरून लिफ्टने खाली येत. "यल्ला, पुढचा राउंड!" असे साहेब ओरडत. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात दादा आपले घामाने डबडबलेले तोंड पाहून हसे. मी खाली पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा असे आणि लिफ्टचे दार उघडले की त्या वाटत असे. महिनेच्या महिने आम्ही चढाचा सराव केला. शिकलेले लोक होते, हिशेबाने वागणारे लोक होते. पण वर गेलेल्या माणसाला खालीही यावे लागते, ही गोष्ट त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सपाटीवर वाढलेल्या माणसाला उतरणे ही कृतीच वाटत नाही.

दादाचा पासपोर्ट त्याच्या कंपनीकडे असे. त्या काळी सर्वांचाच असे. तो परत मिळवण्यासाठी आणि रजेसाठी जो अर्ज करावा लागला, तो मी लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. साहेबांचे मित्र अमेय यांनी त्याचे इंग्रजी केले, परंतु मांडणी माझी होती. मॅनेजरने तो दोनदा वाचला आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्या अर्जातील एकही वाक्य आज मला बदलावेसे वाटत नाही. माझे जाणे त्या मानाने सहज ठरले. साहेब आणि अमेय दोघेही शाकाहारी होते, परदेशात अन्नाचे हाल नकोत म्हणून आपल्या लोकांनी बरोबर आचारी नेण्याची रीत आहेच, आणि आबांच्या हाताखाली मी आमटी-भातापासून थालीपिठापर्यंत सर्व काही शिकलो होतो.

आबांचा होकार शेवटी आला. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी थापल्या, ताटे वाढली, पण स्वतः घास घेतला नाही. दादाही थांबला. एसीचे पाणी डब्यात टपटपत होते.

"घाट कसला हाय म्हनं त्यो?" आबांनी विचारले.

"मोठा हाय. वर बरफ असतोय."

"चढशील. चढायचं मला भ्या न्हाई. बैलबी चढतोय." आबांनी दादाचे ताट जवळ ओढले. "उतरताना काय करशील?"

"उतरायला काय लागतंय, आबा? आपोआप उतरतंय की."

"आपोआप उतरतंय त्येचंच भ्या वाटतंय, लेका." मग त्यांनी दादाचा उजवा हात धरला आणि ताटातल्या भाकरीवर ठेवला. "अन्नावर हात ठिवून सांग. वरपासनं खालपतुर ब्रेकवरचं बोट काढायचं न्हाई. एक वळण सुदीक न्हाई. सांग."

दादा हसला. पण आबा हसत नाहीत हे पाहून त्याने हसू आवरले. "न्हाई काढणार."

"अन्नाची आण."

"अन्नाची आण, आबा."

त्यानंतर आबांनी पहिला घास घेतला.

त्या खोऱ्याचे नाव मी लिहीत नाही. लाकडी घरांचे, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या मांडलेले ते एक गाव होते. गायींच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर वाजत आणि त्यांच्यावर चर्चची मोठी घंटा तास देई. पहिल्या दिवशी मी फोडणी दिली तेव्हा घरमालकीण बाई काही पेटले की काय म्हणून धावत वर आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी पुढे केली. चहूबाजूंनी डोंगर इतके जवळ उभे होते की मला श्वास कोंडल्यासारखा होई. दादा मात्र पहाटे उठून अंगणातल्या लाकडी हौदापाशी उभा राहून वर पाहत राही. दोह्याला वर पाहण्यासारखे काय असते? क्रेन. त्याच्यासमोर कोणी इतके उंच काही, फुकट, आणून ठेवले नव्हते.

पहिला घाट लहान होता. त्या दिवशी सर्वजण खाली आले तेव्हा सबनीस साहेबांची बोटे आखडून गेली होती. ब्रेक धरवेनात म्हणून त्यांना मध्ये मध्ये सोडून द्यावे लागले, असे ते म्हणाले. अमेय यांचे तर मनगट सुजले आणि पुढचे दिवस त्यांनी व्हॅन चालवायचे ठरवले. दादाच्या पंजाला काहीच झाले नव्हते. तो शांतपणे, आरंभापासून अखेरपर्यंत ब्रेक आवळून उतरला होता. त्या वेळच्या सायकलींना चाकाच्या कडीवर, म्हणजे रिमवर, घासणारे रबरी ब्रेक असत. मला जळक्या रबराचा वास आला म्हणून मी कडीला बोट लावले आणि ओरडलो. बोटाला फोड आला.

"अरे, पापड भाजून घे रे दत्ता यावर!" अमेय म्हणाले.

दादाने बाटलीतले पाणी कडीवर ओतले. चर्र आवाज झाला, वाफ निघाली आणि आम्ही सगळे खूप हसलो.

"फ्रिक्शन," सबनीस साहेब म्हणाले. "नॉर्मल आहे."

त्यांच्यापेक्षा जास्त कळणारे तिथे कोणी नव्हते. माझ्या बोटावरची ती खूण बरेच दिवस राहिली.

मोठ्या घाटाच्या दिवशी आकाश स्वच्छ होते. अमेय आणि मी चहाचा थर्मास, थालीपीठे आणि दह्याचा डबा घेऊन व्हॅनने आधीच माथ्यावर जाऊन बसलो. तिथून तो रस्ता एखाद्याने काळा दोर वेटोळे घालून टाकून द्यावा तसा खालपर्यंत दिसत होता. कडेला मळका बर्फ होता आणि त्याखालून पाणी वाहत होते. मी पहिल्यांदा बर्फाला हात लावला. तो आमच्या फ्रीजरमधल्यासारखाच होता, याची मला किंचित निराशा वाटली. बऱ्याच वेळाने खालच्या वळणावर एक ठिपका दिसला. वळणाच्या एका टोकाला तो येई, दिसेनासा होई आणि पुन्हा दुसऱ्या टोकाला थोडा मोठा होऊन येई. रंगीत कपडे घातलेले त्या देशातले सायकलवाले त्याच्या पुढे होते. एकेक करून ते मागे पडले. तो जवळ आला तेव्हा पायडलांवर उभा राहिलेला होता, मान खाली, हँडल दोन्ही बाजूंना झुकवत, आणि त्याचा श्वास मला त्याच्या आधी ऐकू आला. छतावर जड कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन जिना चढताना तो असाच श्वास घेई. शेवटच्या वळणावर एका वृद्ध परदेशी गृहस्थाने टाळ्या वाजवल्या. दादाने सायकल दगडाला टेकवली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग मान वर करून मला म्हणाला,

"दत्त्या, लिफ्ट कुठाय बे?"

आजही मला झोपेत हे वाक्य ऐकू येते, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण दर वेळी आधी हसूच येते.

त्याने दोन थालीपिठे उभ्या उभ्या खाल्ली. अमेय यांच्या मोबाइलवरून दोह्याला फोन लावला. आबा गाडीत, कुठल्या तरी कचेरीबाहेर साहेबांची वाट पाहत बसले असावेत; आवाज मोठा करून ठेवल्यामुळे मलाही ऐकू येत होते.

"आबा, वर आलो! साहेब अजून खालीच हायत."

"जेवलास का?"

"थालपीठ खाल्लं. दत्त्यानं मीठ कमी घातलंय."

"आता उतरायचं हाय न्हवं?"

"व्हय. ध्यानात हाय, आबा. बोट काढत न्हाई."

"काढू नगंस. हळू ये."

घाम अंगावर थंड होऊ लागला तसा दादा कुडकुडू लागला. साहेबांची वाट पाहत थांबणे त्याला शक्य नव्हते. "म्या होतो म्होरं. खाली चहा टाका," असे म्हणून त्याने दोन्ही हात ब्रेकवर ठेवले, आवळले, आणि तो पहिल्या वळणावरून अगदी सावकाश, एखादा म्हातारा माणूस काठी टेकत जावा तसा उतरत गेला. इतक्या सावकाश जाणाऱ्या माणसाची काळजी कोणी कशी करणार?

सबनीस साहेब वर आले, वरच्या वळणांवर दादा उतरताना भेटल्याचे सांगत त्यांनी चहा घेतला, आणि थकव्यामुळे सायकल व्हॅनवर चढवून ते आमच्यासोबत बसले. घाटाच्या मध्यावर आल्यावर मला तो वास आला. खिडकी उघडी होती. प्रत्येक वळणावर वास वाढत गेला, आणि मग एका वळणानंतर तो अजिबात येईना. अमेय यांनी गाडी थांबवली नव्हती. मी ओरडलो म्हणून थांबवली. रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्याला सायकल अडकली होती. पलीकडे, बऱ्याच खाली, सूचीपर्णी झाडांमधल्या गवतात दादा होता. दोन गायी त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या आणि चरताना मान हलली की त्यांच्या घंटा वाजत होत्या. मी खाली कसा पोहोचलो ते मला आठवत नाही. त्याचे डोळे उघडे होते. तोंडावर जखम नव्हती. दोन्ही हातांची बोटे ब्रेक धरल्यासारखी वाकलेली होती, आणि ती मी सरळ करू लागलो. का, ते सांगता येत नाही. तीच बोटे नट सोडवत असत. ती सरळ झाली नाहीत.

सायकल पोलिसांनी तपासणीनंतर गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवली होती. कागदपत्रे पूर्ण होण्याची वाट पाहत असताना सबनीस साहेब आणि मी तिथे गेलो. दुकानदार उतारवयाचा होता, त्याला इंग्रजीचे थोडे शब्द येत होते. त्याने पुढचे चाक आमच्यासमोर धरले. कडीवर वितळलेले रबर काळ्या डांबरासारखे थिजले होते आणि आतली ट्यूब वीतभर फाटली होती. "ऑल्वेज ब्रेक," तो म्हणाला. मूठ आवळून त्याने ती तशीच आवळलेली ठेवली. "व्हाय ऑल्वेज?" मग त्याने मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली, सोडली, असे करायचे असते, असे तो सांगत होता. सोडले की कडी थंड होते. धरूनच ठेवले की ती तापत जाते आणि शेवटी आतली ट्यूब फुटते. इतरांची बोटे दमतात, म्हणून ते आपोआप सोडतात. दादाची बोटे दमत नव्हती.

सबनीस साहेब दुकानाच्या पायरीवर बसले. "मी कुठेतरी वाचलं होतं हे, दत्ता," ते म्हणाले. "वाचलं होतं रे. सांगायचं राहून गेलं. आबांना मी सगळं समजावून सांगणार आहे. नीट, टेक्निकली. त्यांचा तो हक्क आहे." भाकरीवरच्या त्या आणेविषयी त्यांना काही माहीत नव्हते. मी सांगितले नाही. त्या क्षणी मला समोरचे चाक दिसत नव्हते. मला भाकरीवर ठेवलेला हात दिसत होता आणि त्यावर दाबून धरलेला आबांचा हात.

दादाची शवपेटी दोह्यामार्गे मुंबईला जायची होती. आम्ही दोघे उतरलो तेव्हा आबा स्वतः कंपनीची व्हॅन घेऊन विमानतळावर आले होते. दुसऱ्या ड्रायव्हरने चालवतो म्हटले ते त्यांनी ऐकले नाही. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, हात जोडले आणि गाडी कार्गो विभागाकडे घेतली. मी शेजारी, साहेब मागे. बाहेर धूळ होती.

"दत्ता," आबा समोर पाहत म्हणाले. ते मला कधी दत्ता म्हणत नसत, दत्त्या म्हणत. "त्येचं बोट ब्रेकवर हुतं का?"

मागच्या सीटवर साहेब पुढे सरकले. "आबा, ॲक्चुअली त्या ब्रेकचं असं झालं की..."

"होतं," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत होतं, आबा. मी त्याची बोटं पाहिली. काढलंच नाही त्यानं."

आबांनी गाडी बाजूला घेतली. ब्रेक हळूहळू दाबला, गाडी हिसका न बसता थांबली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते म्हणाले, "मग त्येनं ऐकलं माझं." पुन्हा म्हणाले, "मग पोराची चूक न्हाई. सायकलच खोटी निघाली." डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण चेहरा, कसे लिहू, सैल झाला होता. मी आरशातून साहेबांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आबांच्या पाठीकडे पाहिले, आणि त्यांना काय समजायचे ते समजले. त्यांनी तोंड मिटले ते आजतागायत उघडलेले नाही. कार्यशाळा निघाली नाही. वर्षभरात ते पुण्याला परत गेले.

मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. खोटे विधान केले तर अर्ज फेटाळला जातो, हे मी रोज लोकांना बजावतो. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलेल्या प्रत्येक शब्दाचा मी पुन्हा पुन्हा तपास केला आहे. त्यात खोटे काहीही नाही. आबा त्यानंतरही कित्येक वर्षे इथे गाडी चालवत होते आणि प्रत्येक नवीन ड्रायव्हरला दादाची गोष्ट सांगत होते. माझ्या पोराने शेवटपर्यंत ब्रेक सोडला नाही, म्हणत होते. मी तिथे असलो तर चहा घेऊन बाजूला होत असे. रात्रीच्या जेवणाला दोन ताटे मांडली जात, तिसरे आबा घासून पुसून फळीवर उभे करीत.

आता आबा गावी आहेत, फार थकले आहेत. माझी पत्नी इथे परिचारिका आहे, त्यामुळे आमचे कुटुंब इथेच आहे. मुलगी मुक्ता हिला आम्ही काय बोलतो ते सगळे कळते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मागच्या वाढदिवसाला तिने सायकल मागितली. मी बरीच कारणे सांगितली. तिच्या आईने एकही ग्राह्य धरले नाही. समैस्माच्या किनाऱ्यावर ती एका सकाळीत शिकली. त्या दिवशी व्हिडिओवर आबांनी तिला पाहिले आणि पहिले वाक्य बोलले ते हेच, "ब्रेकवरचं बोट काढू नगंस, बाय."

"ओके, आजोबा. ऑल्वेज," ती म्हणाली.

त्या शब्दाने मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी वेस्ट बेमधल्या त्या मनोऱ्याच्या व्यवस्थापनाला अर्ज लिहिला. शुक्रवारी पहाटे, पार्किंग रिकामे असताना, पाल्यासह, केवळ उतरण्याच्या सरावासाठी. तो मंजूर झाला. माझे अर्ज सहसा मंजूर होतात.

आम्ही लिफ्टने वर गेलो. आरसा अजून आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर मी मुक्ताला सायकलवर बसवले आणि तिच्या बोटांवर माझी बोटे ठेवली. आवळ. सोड. आवळ. सोड. मी बाजूने धावत होतो, मला दम लागत होता, आणि काँक्रीटच्या भिंतींतून माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. तिसऱ्या-चौथ्या मजल्यापाशी तिने मला मागे टाकले. वळणाआड तिचे चाक गेले, आणि मी उभा राहून नुसता वास घेत राहिलो. कशाचाही वास आला नाही. खाली पोहोचलो तेव्हा ती एक पाय टेकवून उभी होती.

फोन तेवढ्यात वाजला. आबांना शुक्रवार कळतो.

"पोरगी सायकल खेळली का? ब्रेकवर बोट हुतं का तिचं?"

मुक्ताने फोनकडे हात केला, तिला ती आवळ-सोड सांगायची होती, तिचे तोंड उघडलेलेही होते. मी फोन माझ्याकडे घेतला.

"होतं, आबा," मी म्हणालो.